काय शिवणार?

'छंद' या रकान्यात आमच्या वर्गातल्या मुली वाचन, संगीत, प्रवास असं काहीतरी लिहितात. मी 'शिवण' असं लिहिलं. फॉर्म गोळा करणाऱ्या सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, छंद विचारलाय, धंदा नव्हे!" सगळा वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? पण कधीतरी कॉलेजच्या अंकात या छंदाची बाजू मांडायची, हे तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आज तो योग आला आहे. बाजू मांडता मांडता स्वतःची चूकच जास्त सांगून होणार, हे आधीच कबूल करते.

शिवणाचं वेड मला आज्जीकडून आलं. शहापुरातल्या आमच्या घरी खिडकीखाली तिची काळी पायमशीन आहे. तिच्यावरची सोनेरी वेलबुट्टी पुसत आली आहे, पण पायडल मारलं की अजून अशी पळते की दोरा घालणाऱ्यानं बोट सांभाळावं. सातवीत असताना मी तिच्यावर उशीचा अभ्रा शिवला. तो तिरका झाला होता. आज्जी म्हणाली, "उशीला कुठं कळतंय?" त्या एका वाक्यावर मी पुढं परकर, झबली, कुर्ते इथपर्यंत मजल मारली.

शिवायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. जीव मेटाकुटीला येतो तो कापड आणताना. ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांना हे पटणार नाही. दुकानात जायचं, रंग आवडला की घ्यायचं, यात अवघड ते काय, असं ते म्हणतील. त्यांच्यासाठीच पुढची हकिगत आहे.

माझे आप्पा खडेबाजारातल्या एका कापडदुकानात तीस वर्षं कामाला आहेत. दुकान मालकांचं, पण आप्पा कधी "मालकांचं दुकान" असं म्हणत नाहीत, "आमचं दुकान" असंच म्हणतात. गादीवर पांढरी चादर, समोर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक आणि मागं भिंतभर तागे. गिऱ्हाईक टेकलं की आप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला : "काय शिवणार?" चंदगड-खानापूरकडच्या माणसाला हा प्रश्न मराठीत, बैलहोंगलकडच्या बाईला कानडीत, "एन होलस्तीरी?", आणि गोव्याहून लग्नाच्या खरेदीला आलेल्यांना जमेल तशा कोकणीत. भाव, रंग, नक्षी हे सगळं नंतर. लहानपणी दुकानात डबा द्यायला गेले की मला वाटायचं, यांना काय करायच्यात या चौकशा? लोक कापड नेतील आणि वाटेल ते शिवतील!

गेल्या वर्षी गॅदरिंगमध्ये आम्ही सहा जणींनी नाच बसवला होता. तिघी मराठी, तिघी कानडी. त्यामुळं नाचही निम्मा झिम्मा आणि निम्मा कोलाट. आमच्या कॉलेजात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. सहा जणींना सारखे डाळिंबी परकर हवे होते. वर पांढरे कुर्ते ज्याचे त्याचे. शिलाईचे पैसे कशाला घालवायचे म्हणून मी छाती पुढं काढून म्हणाले, "मी शिवते." प्रत्येकीनं ४५० रुपये माझ्याकडे दिले. २,७०० रुपयांची मी खजिनदार झाले.

हिशेब मी कॉमर्सच्या विद्यार्थिनीला शोभेल असा केला. परकराची उंची ३६ इंच, नेफा आणि खालची दुमड मिळून ३ इंच, म्हणजे एका पट्ट्याला ३९ इंच. मीटरमध्ये ३९.३७ इंच असतात. एका मीटरचा एक पट्टा अगदी बेताबेतानं बसतो. असे तीन पट्टे जोडले की एक परकर. कापडाचा पन्हा ४४ इंच धरला तर घेर १३२ इंच. गिरकी घेतली की फुलावा इतका. सहा परकरांना १८ मीटर.

आप्पांच्या दुकानात चांगलं कॅम्ब्रिक १४० रुपये मीटर होतं. म्हणजे २,५२० रुपये. आणि हायवेच्या बाजूला नव्यानं उघडलेल्या एका भल्यामोठ्या स्वस्त दुकानाची जाहिरात चौकाचौकांत लागली होती : सुती कापड ७९ रुपये मीटर! म्हणजे १,४२२. मधला फरक १,०९८ रुपये. एवढ्यात सहा जणींना बांगड्या, गजरे आणि वर एकेक मसालाडोसा सहज झाला असता.

त्याच आठवड्यात जेवताना आप्पांनी विचारलं, "किती मीटर लागणार गं परकरांना? कॅम्ब्रिकचे नवे तागे आलेत. मालकांना सांगून ठेवतो की."

मी ताटातून मान वर न करता म्हणाले, "कापड मैत्रिणीच आणायल्यात, आप्पा."

"बरं," आप्पा म्हणाले.

त्या दुकानात जाणं म्हणजे एक सहलच. दारात गार वारा, गाणी, हातात ढकलगाडी. कापड तिसऱ्या मजल्यावर, भांडी आणि प्रवासी बॅगा ओलांडून गेल्यावर. तिथं पोचेपर्यंत माझ्या ढकलगाडीत एक प्लास्टिकचा डबा आणि केसांच्या पिनांचं पाकीट आपोआप येऊन बसलं होतं. कापड वरच्या मजल्यावर का ठेवतात, याचं उत्तर मला मार्केटिंगच्या पुस्तकापेक्षा त्या डब्यानं लवकर दिलं.

तागे होते पुष्कळ, पण निम्मे एकमेकांत घुसलेले. कुणीतरी ओढून बघितलेले, परत न गुंडाळलेले, एकाची चिठ्ठी दुसऱ्यावर. चिठ्ठीवर काळ्या रेघा, भाव आणि 'कॉटन' हा शब्द. पन्हा किती, कापड आटणार किती, रंग पक्का की कच्चा, कशाचाच पत्ता नाही. शिवणाऱ्याला जे हवं असतं नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं त्या चिठ्ठीवर होतं. अस्तर कुठं मिळेल? या मजल्यावर नाही. रंगाला जुळणारा दोरा? ठेवत नाही. नाडी? खालच्या मजल्यावर बघा. खालच्या मजल्यावर म्हणाले, वर बघा.

तिथं उभ्या असलेल्या मुलीला मी पन्हा विचारला. ती माझ्याच वयाची असावी, गळ्यात दुकानाची पट्टी. तिनं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि कानडी धाटणीच्या मराठीत म्हणाली, "ते लिहिलेलं नाही." मी कानडीत विचारल्यावर तिचा चेहरा एकदम सैल झाला. हळूच म्हणाली, "ननग गोत्तिल्री अक्का. ई कडे हाकि नाक दिना आतु." मला माहीत नाही हो ताई, इकडं टाकून चारच दिवस झालेत. त्याआधी ती भांड्यांत होती. तिची चूक नव्हती. चार दिवसांत कुणाला ताणाबाणा कळतो? आणि शिकवणारं तरी होतं कोण?

मीच टेपानं मोजायला हवं होतं. शिवणाऱ्या मुलीच्या पिशवीत टेप नसावी, ही लाजेची गोष्ट आहे, पण नव्हती. डोळ्यांना ४४ इंच वाटला आणि मी मान डोलावली.

कापायला एकच टेबल आणि पुढं दहाबारा माणसांची रांग. कापणारा मुलगा शर्टांच्या घड्या घालता घालता मधूनच बोलावला जात होता. आप्पा कापड कापताना काठाला एक चीर देतात आणि सुताच्या रेषेत टर्रकन फाडतात. त्यामुळं तुकडा सुतात सरळ येतो. इथं कात्री जिकडं जाईल तिकडं. माझ्या कापडाची एक कड दुसरीपेक्षा दोन बोटं खाली गेली. अकरा मीटरला तागा संपला. मुलानं शेजारचा ओढला, "सेम कलर आहे मॅडम," म्हणाला, आणि उरलेले सात मीटर त्यातले दिले. ट्यूबच्या उजेडात दोन्ही खरंच सारखे दिसत होते. माप मात्र चोख दिलं, खोटं कशाला बोलू? टेबलाला चिकटवलेल्या पट्टीवर त्यानं अठरा मीटर भरून मोजले.

घरी आणल्यावर मी लगेच बेतायला घेणार होते. आज्जीनं हात धरला. "आधी पाण्यात घाल ते. कोरं कापड बेतू नये."

बादलीत घातलं आणि दहा मिनिटांत पाणी कोकमाच्या सारासारखं झालं. रात्रभर ठेवून सकाळी पिळलं, तर हातात काल आणलेलं कापड नव्हतंच. काल ते कसं कडक, भरीव, कॅम्ब्रिकसारखं लागत होतं! ती सगळी खळीची करामत. खळ पाण्यात गेली आणि मागं उरलं ते चाळणीसारखं विरविरीत. पहिला मीटर मोजला : जवळजवळ दोन इंच आटला होता. पन्हा मोजला : ३६ इंच. म्हणजे तीन पट्ट्यांचा घेर १३२ नव्हे, १०८. दोन फुटांनी कमी. आणि गच्चीवर दोरीवर टाकल्यावर उन्हात कळलं की अकरा मीटर डाळिंबी आहेत आणि सात मीटर विटकरी. अकरांत तीन परकर पूर्ण, वर दोन पट्टे; सातांत दोन परकर पूर्ण, वर एक पट्टा. म्हणजे सहावा परकर दोन पट्टे गडद आणि एक फिका. तो कुणी नेसायचा, हे सांगायला नकोच.

त्याच दुपारी अर्धं ओलं कापड पिशवीत घालून मी पुन्हा रिक्षा केली. काउंटरवरच्या साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, धुतलेलं कापड परत घेत नाही."

"पण धुतल्याशिवाय ते कसं आहे हे कळणार कसं?"

"बरोबर आहे मॅडम. पण धुतलेलं घेत नाही. आणि कापलेलं तर नाहीच."

कापल्याशिवाय कापड विकत मिळत नाही, धुतल्याशिवाय ते कळत नाही. आणि कापलेलं, धुतलेलं परत होत नाही. एवढं बिनतोड तर्कशास्त्र मी लॉजिकच्या तासालाही ऐकलं नव्हतं. बिलाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलंही होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही म्हणून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर ती तीस दिवसांची धरावी असंही त्यात आहे, हे मी नंतर वाचलं. तेव्हा माहीत असतं तरी काय झालं असतं कोण जाणे. आटणं हा कापडाचा दोष की स्वभाव, यावर दोन वकील दोन वर्षं भांडतील. आमचं गॅदरिंग नऊ दिवसांवर होतं.

परत निघताना ती मुलगी जिन्यापाशी दिसली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होती. सकाळी दहापासून बसायला मिळालं नव्हतं. केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी कामावर बसण्याचा हक्क मागितला आणि २०१८ साली तिथं तसा कायदा झाला; २०२१ साली तमिळनाडूनंही केला. तिला मी हे सांगितलं नाही. तिनं माझ्या पिशवीकडं बघून नुसतं विचारलं, "तगोळ्ळिल्लेनु?" घेतलं नाही का? मी मान हलवली. कापड आणून फसलेली मी आणि कापड न कळता विकायला उभी केलेली ती, दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिलो. मग मी तिला टेप काढून दाखवली (आता पिशवीत होती!) आणि पन्हा कसा मोजतात, काठापासून काठापर्यंत, ते तिथल्याच एका ताग्यावर मोजून दाखवलं. तिला हसू आलं.

घरी आल्यावर खरी पंचाईत. अठरा मीटर कापड लपवायला आमच्या घरात जागा नाही. रात्री नवाच्या सुमारास आप्पा आले, हातपाय धुतले आणि वर गच्चीत गेले. मी जिन्यात उभी. त्यांनी दोरीवरचं कापड दोन बोटांत धरून चोळलं, दिव्याकडं धरलं, खालचा एक धागा उपसून तोडला. आप्पा असंच करतात. एकदा त्यांनी मला धागे जाळून दाखवले होते : सुती धागा कागदासारखा जळतो आणि हलकी राख पडते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टरची काळी कडक गोळी होते. मला ती जादूच वाटली होती.

"कुठलं हे?"

मी सांगितलं. भावासकट.

मला वाटलं, आता बोलतील. मैत्रिणी आणणार होत्या ना, असं तरी म्हणतील. ते एवढंच म्हणाले, "काय शिवणार म्हणून विचारलं काय तिथं कुणी तुला?"

"नाही."

"मग बरोबर कापड कसं देतील ते?"

आणि ते जेवायला खाली गेले. भांडी घासताना आईनं मला सांगितलं की त्याच महिन्यात मालकांनी दोघांना दुसरीकडं काम बघायला सांगितलं होतं. कापडाचं गिऱ्हाईक कमी झालं आहे म्हणून. ज्येष्ठतेच्या क्रमानं पाहिलं तर खालून तिसरे की वरून तिसरे ते मालकच ठरवणार. आप्पा त्या यादीच्या मधोमध होते. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर १,०९८ रुपयांचा मोह सुटला असता का? खरं सांगू? माहीत नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी बिझनेस लॉचं पुस्तक उघडलं. झोपेसाठी ते रामबाण आहे. मराठी माध्यमातून आल्यामुळं पहिल्या वर्षी 'कॅव्हिएट एम्प्टर' हे मला औषधाचं नाव वाटलं होतं. खरेदीदारानं स्वतः सावध राहावं, असा त्याचा अर्थ. १९३० च्या मालविक्री कायद्याचं सोळावं कलम याच तत्त्वाचं. पण त्यात अपवाद आहे. गिऱ्हाइकानं माल कशासाठी हवा हे विक्रेत्याला कळवलं असेल, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून तो घेतला असेल आणि तसला माल विकणं हा त्या विक्रेत्याचा धंदाच असेल, तर तो माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे, ही अट न बोलता त्या व्यवहारात येते. हे कलम मी परीक्षेसाठी घोकलं होतं, बारा गुणांना लिहिलंही होतं. तिथं अंथरुणात बसून ते पहिल्यांदा समजलं. आप्पा दिवसातून पन्नास वेळा "काय शिवणार?" म्हणतात तेव्हा ते उगाच चौकशी करत नसतात. त्या दोन शब्दांनी ते स्वतःलाच बांधून घेतात. परकर शिवणार म्हटल्यावर त्यांना ३६ चा पन्हा देता येत नाही. लेकराचं झबलं म्हटल्यावर रंग जाणारं कापड देता येत नाही. आणि दिलंच, तर दुसऱ्या दिवशी ती बाई ते त्यांच्या पुढ्यात आणून टाकते. त्या मोठ्या दुकानात मला कुणी काही विचारलं नाही, मी कुणाला काही सांगितलं नाही. म्हणजे सावध राहायची जबाबदारी शंभर टक्के माझ्याकडे. ६१ रुपयांची सूट मला मीटरमागे मिळाली ती बहुधा त्याच कामाची मजुरी होती.

आता कुणी म्हणेल, बापाच्या दुकानाची ही जाहिरात झाली. तसं नाही. लहान दुकानांचे अनुभव मलाही आहेत, मी काही डोळे मिटून बसलेली नाही. अर्धा मीटर मागितलं की तोंड वाकडं करणारे आहेत. चाळीस तागे उलगडून ठेवतात आणि मग न घेता उठणं म्हणजे पाप वाटावं असं बघतात. बाई एकटी दिसली की भाव वेगळा. गज लावताना कापड ओढून धरणारे आहेत. मीटरला बोटभर तरी त्यात खाल्लं जातं. मी हे आप्पांना तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, "आहेत की. मी कुठं नाही म्हणतोय?" मग थोडं थांबून, "पण त्याला तू नावानिशी ओळखतीस. जाऊन भांडतीस. तिथं कुणाशी भांडलीस?" मला त्या सभ्य साहेबांचं नावही माहीत नव्हतं. आणि हेही खरं की मोठ्या दुकानात भाव लिहिलेला असतो, घासाघीस नाही, कुणी जातपात बघून आदर कमीजास्त करत नाही, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मैत्रिणींना गादीवर बसून "जरा स्वस्तातलं दाखवा" म्हणायची लाज वाटते, ती तिथं वाटत नाही. त्यांना मी काय म्हणून शहाणपण शिकवू?

परकरांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आप्पा संध्याकाळी काळा काठ घेऊन आले, चार बोटं रुंद, बारीक पिवळी रेघ असलेला. "खाली लाव. उंची भरून येईल, आणि काठ सगळ्यांना एकच असला की वरचा रंग कुणी बघत नाही." किती लागला? एका परकराला १०८ इंच, म्हणजे तीन वार; सहांना अठरा वार. १९५६ सालच्या कायद्यानं देशात मीटर आणला तरी आमच्या घरात काठ, नाडी आणि गजरा अजून वारावरच मोजतात, आणि इथं हिशेबही वारानंच सुबक सुटला. मी मीठ आणि तुरटीच्या पाण्यात कापड पुन्हा बुडवलं, तरी पहिल्या धुण्याला ते वेगळंच धुवा असं पाचही जणींना बजावून ठेवलं. दोन रात्री मशीन चालली. आज्जीनं चष्मा दोनदा पुसून सहा नेफ्यांत नाड्या ओवल्या. १०८ इंचांचा घेर गिरकीला पुरेना म्हणून आम्ही शेवटच्या गिरक्याच कमी केल्या आणि टाळ्या वाढवल्या. मी मागच्या रांगेत, फिका पट्टा भिंतीकडं करून.

हिशेब द्यायला हवा, मी खजिनदार होते. वाचलेले १,०९८. त्यातून काठाचे ५२८. आप्पांनी मालकांच्या वहीत रोखीनं पावती करून आणली होती, घरची माणसं म्हणून पैसा कमी नाही. दोन वेळची रिक्षा १८० रुपये. जादा दोरा, मीठ, तुरटी ७४. उरले ३१६, त्यात गजरे झाले, डोसा राहिला. आज्जीचे डोळे आणि माझा बुडालेला कॉस्टिंगचा पेपर कुठल्या खात्याला टाकायचा हे मला ठरवता आलं नाही. सरांना विचारणार होते, पण बुडालेला पेपर त्यांचाच होता.

आप्पांची नोकरी राहिली. दुकानातली निम्मी मांडणी मात्र या वर्षी मालकांच्या मुलानं तयार कपड्यांना दिली. आप्पा आता एल, एक्सएल, डबल एक्सएल शिकतात. जुन्या सवयीनं परवा एका गिऱ्हाइकाला तयार शर्ट दाखवतानाही "काय शिवणार?" असं विचारून बसले आणि ते दोघंही हसले, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. सांगताना ते हसत होते.

पाडव्याला मला कुर्त्याचं कापड हवं होतं. दुकानात गेले, चादरीवर बसले. आप्पांनी इतर गिऱ्हाइकांना विचारावं तसंच मला विचारलं. मी सगळं सांगितलं : बाही पाऊण, गळा चौकोनी, उन्हाळ्यात कॉलेजला घालायचा, अस्तर नको. त्यांनी तीन तागे काढले, दोन परत ठेवले, तिसरा खांद्यावर टाकून पायरीवर उजेडात नेला आणि रंग दाखवला. एक फेरा, अडीच मीटर, टर्रकन फाडलं.

इलॅस्टिक मात्र तिथं मिळालं नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या हायवेकडच्या दुकानात गेले. (जाते मी अजून. सांगितलं ना, स्वस्त मिळतं.) तिसऱ्या मजल्यावर कापडापाशी एक नवाच मुलगा उभा होता. ती मुलगी मला तळमजल्यावर भेटली. तिनं मला ओळखलं, पळत आली आणि कानडीत म्हणाली, अक्का, पन्हा मोजायला मला आता नीट येतं, ताग्यांवर मी स्वतः चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, ३६, ४४, ५८. मग हातातलं खोकं खाली ठेवून तिनं मला विचारलं, कितव्या नंबरची चप्पल बघताय? आठ दिवसांपूर्वीच तिला तिकडं हलवलं होतं.